आधी भाकर, मग प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातली आहेत आणि त्यांचा सूरही सारखाच आहे: संकट टळलं, पण जीव अजून थाऱ्यावर आलेला नाही. त्यांतली पाच निवडली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत आणि पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

एक भगिनी, कळवा : प्रभू येशूच्या नावात सलाम. यजमानांची कंपनी बंद पडली, दीड वर्ष ते घरी होते. त्याच काळात सासूबाईंचं मोठं आजारपण झालं. आता यजमानांना महाप्याला काम मिळालंय, सासूबाई हिंडत्या-फिरत्या झाल्यात, थकलेले हप्तेही भरून झाले. तरी मला रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं. प्रार्थनेला बसले की रडू येतं, नाहीतर डुलकी लागते. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, देवाने एवढं केलं तरी समाधान नाही म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय. खरंच तसं आहे का?

उत्तर : नाही, तसं नाही.

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचे १८ आणि १९ हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा. अठराव्यात कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेला स्वर्गातून अग्नीने उत्तर मिळतं, कित्येक वर्षांचा दुष्काळ संपतो, पाऊस कोसळतो. आणि लगेच एकोणिसाव्यात हाच माणूस रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतोय. संकट चालू असताना तो ताठ उभा होता. कोसळला तो नंतर. दीड वर्ष जे शरीर पहाऱ्यावर होतं, ते पगार जमा झाल्याच्या दिवशी पहारा सोडत नाही. त्याला कळायला वेळ लागतो.

देवाने तिथे काय केलं त्याचा क्रम बारकाईने बघा. एलीया झोपतो. दूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो. म्हणतो, वाट लांबची आहे. कर्मेलाची आठवण करून देणं नाही, विश्वासाची झाडाझडती नाही. त्यानंतर चाळीस दिवस चालून तो होरेबला पोचतो, आणि मग कुठे देव विचारतो, ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ आधी भाकर, मग प्रश्न. तुमच्या मंडळीतल्या बाईंनी हा क्रम उलटा केला.

तेव्हा पुढचे सहा आठवडे एवढं करा. छातीत धडधडतं म्हणता, तर आधी जवळच्या डॉक्टरांकडून रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. घरच्यांची उस्तवार करणाऱ्या बाईचं स्वतःचं दुखणं नेहमी मागे पडतं. दुपारी चारनंतर चहा नको. झोपण्याआधी तासभर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. बँकेचे मेसेज रात्री उघडायचेच नाहीत. तीनला जाग आली तर मनात हिशोब मांडू नका. उशाशी वही ठेवा, जी चिंता आली ती एका ओळीत लिहा आणि वही मिटा. मग तेविसावं स्तोत्र पाठ असेल तसं म्हणा, एका श्वासाला एक तुकडा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, श्वास सोडा, ‘मला काही उणे पडणार नाही’, श्वास सोडा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठून मंद उजेडात खुर्चीवर बसा आणि डोळे जड झाले की परत या.

प्रार्थना सध्या सकाळची पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ म्हणतो. ते मोठ्याने वाचा. रडू आलं तर येऊ द्या, तीही प्रार्थनाच आहे. डुलकी लागली तर झोपा. देव आपल्या प्रिय माणसाला झोप देतो असं १२७ वं स्तोत्र म्हणतं. इथे एक चूक हमखास होते. अपराधी वाटतं म्हणून माणूस पहाटे चारला उठून तासभर प्रार्थनेचा नेम धरतो, वर उपास. थकलेलं शरीर चार दिवस साथ देतं, पाचव्या दिवशी नेम मोडतो, आणि अपराधीपणा दुप्पट होऊन परत येतो. या सहा आठवड्यांत उपास नको, आणि मंडळीतली एखादी जबाबदारीही कुणाकडे तरी सोपवा.

एवढं करूनही दोन आठवड्यांत झोप-भूक सुधारली नाही, किंवा जगू नये असं कधी वाटलं, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे पाऊल टाकणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो.

एक बंधू, ऐरोली : माझ्या शस्त्रक्रियेच्या काळात देवाने अक्षरशः आकाशातून पुरवलं. कुठून कुठून पैसे आले, चार महिने मंडळीतून डबा यायचा. मी सभेत साक्षही दिली. आता कामावर रुजू झालोय आणि सगळं थांबलंय. पगारात महिना कसाबसा निघतो. देवाचा हात निघून गेला का? आणि आता थोडी बचत केली तर तो अविश्वास ठरेल का?

उत्तर : मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने आकाशातून दिलेलं अन्न, कधी बंद झाला ते यहोशवाच्या पाचव्या अध्यायात नोंदवलंय. चाळीस वर्षं रोज पहाटे पडणारा मान्ना, लोकांनी कनान देशाचं धान्य खाल्लं त्याच्या दुसऱ्याच दिवशी थांबला. देव रागावला असं तिथे लिहिलेलं नाही. शेत पिकलं होतं, म्हणून थांबला. करीथ ओहोळाकाठी कावळे एलीयाला भाकर-मांस आणून देत, तो ओहोळही आटला, आणि पुढची सोय सारफथच्या एका गरीब विधवेच्या घरी होती: मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. पुरवठा करणारा तोच राहतो, भांडं बदलतं. तुमचा डबा थांबला कारण तुमचा पगार सुरू झाला.

बचतीचा प्रश्न चांगला आहे, कारण यात लोक मान्नाचंच उदाहरण अर्धवट देतात. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरच्या डब्यात मावेल एवढं गोळा करायचं. सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडत, घाण सुटे. हे सगळ्यांना माहीत असतं. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, आणि तो दुसऱ्या दिवशीही चांगला राही. किडला तो भीतीपोटी दडवलेला, आणि विसाव्यासाठी राखून ठेवलेला टिकला. योसेफाने तर मिसरात सात सुकाळी वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरायला लावला. तेव्हा तुम्हीही आधी एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात जमेपर्यंत थोडं-थोडं टाका, अगदी हजार-पाचशे असलं तरी. मग तीन महिन्यांचं बघा. पगाराच्या दिवशीच आपोआप वळती होईल अशी सोय बँकेत करून घ्या. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की काही उरत नाही.

आणखी एक करा. मान्ना थांबला ते ठिकाण गिलगाल, आणि यार्देनेच्या पात्रातून उचललेले बारा दगड यहोशवाने तिथेच उभे केले होते. ओमरभर मान्ना भांड्यात घालून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायलाही देवाने सांगितलं होतं. तुम्हीही एक वही करा: तारीख, काय आलं, कुणाच्या हातून. डबा कोण आणायचं, रिक्षाचे पैसे कुणी दिले, सगळं. सहा महिन्यांनी ही नावं आठवत नाहीत, आणि मग ‘आकाशातून आलं’ एवढंच उरतं. ज्या हातांतून आलं ते विसरणं बरं नव्हे. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांच्या मदतीबद्दल लिहितो तेव्हा ती घेऊन आलेल्या एपफ्रदीतचं नाव आठवणीने घेतो.

एक बंधू, ठाणे पूर्व : तुर्भ्याला कारखान्यात आहे, पाळ्या फिरत्या. सुटी मंगळवारी. महिना-महिना उपासनेला जाता येत नाही. ‘माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ हे वचन घरात भिंतीवर आहे. पण विसावा नक्की कुठे मिळतो?

उत्तर : भिंतीवर बहुधा अर्धंच वचन असतं. मत्तय ११:२८ नंतर लगेच येशू म्हणतो, माझं जू आपल्यावर घ्या. थकलेल्या माणसाला जू? आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं नगर, जालना, सोलापूरकडच्या गावांत आहेत, त्यांना हे समजायला जड जाऊ नये. बैलाला ओझं मारत नाही, नीट न बसणारं जू मारतं. मानेवर घासतं, खांदा सुजतो, मग हलकी गाडीही ओढवत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि तूप लावून चोळतात ते याच खांद्याला. येशूच्या जुवासाठी मराठी बायबलात ‘सोयीचे’ हा शब्द आहे आणि तो नेमका आहे: खांद्याला बसणारं. आणि जुवाला दुसरी बाजूही असते. तिथे तो स्वतः आहे. काम सुटेल असं वचन त्याने दिलेलं नाही. एकट्याने ओढावं लागणार नाही हे मात्र दिलंय.

आता मंगळवार. बायबलमधला दिवस संध्याकाळी सुरू होतो. तुमचा विसावा सोमवारी संध्याकाळी सहा ते मंगळवारी संध्याकाळी सहा धरा. रात्रपाळी करून मंगळवारी सकाळी सुटत असाल तर आधी सहा-सात तास झोप आणि तिथून पुढे चोवीस तास. झोपेशिवाय शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळण्यात अर्थ नाही. पाळीचा व्हॉट्सअॅप गट तेवढा वेळ म्यूट करा. संध्याकाळी सगळे एकत्र जेवा, एक स्तोत्र घरातल्या लहानाकडून वाचून घ्या. आणि हे पुरुषवाचकांनी विशेष ध्यानात घ्यावं: बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात शब्बाथ दास, दासी आणि बैलालासुद्धा सांगितलाय. तुम्ही आडवे आणि घरातली बाई ओट्यापाशी, हा शब्बाथ नव्हे. डाळ-तांदूळ आधीच भिजवून ठेवा आणि दुपारची खिचडी तुम्ही टाका.

रविवार चुकतो म्हणून स्वतःला दुय्यम समजू नका. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राटाला कळवतो की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात. रविवारी सुटी मिळू लागली ती ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या फर्मानानंतर. त्याआधीचे विश्वासणारे उपासना उरकून कामावरच जात. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. त्यामुळे आठवड्याची सुटी बुडवली जात असेल तर गप्प बसणं ही काही नम्रता नव्हे; हजेरीची नोंद स्वतःकडे ठेवा आणि युनियनकडे किंवा कामगार कार्यालयात विचारा.

तुमच्या पाळकांना पाळ्यांचं महिन्याचं वेळापत्रक लिहून द्या आणि प्रभुभोजन घरी किंवा आठवड्यातल्या प्रार्थनासभेत मिळेल का ते विचारा. कॅथलिक वाचकांसाठी शनिवार संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरला जातो. आणि ठाणे ते तुर्भे गाडीत वीसेक मिनिटं मिळतात. जाताना एक स्तोत्र, येताना मोबाईल खिशात आणि खिडकीबाहेर नजर, एवढं पुरे.

एक भगिनी, घणसोली : कर्ज फिटत नव्हतं. एका सभेत सांगितलं की विश्वासाने मोठं ‘बी’ पेरा, शंभरपट परत मिळेल. बांगड्या गहाण ठेवून पैसे दिले. आठ महिने झाले, काही झालं नाही. आता म्हणतात, तुमच्या मनात शंका होती म्हणून पीक आलं नाही.

उत्तर : तुमची फसवणूक झाली आहे, आणि वर दोषही तुमच्याच माथी मारला आहे. मार्क १२ मध्ये विधवेने दिलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आहे, ती देणगी मागताना नेहमी सांगतात. तिच्या अगदी आधीचं वचन सांगत नाहीत: विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू तिथे खडसावतो. २ करिंथ ८:१२ मध्ये पौल स्पष्ट लिहितो की दान असेल त्या मानाने मान्य होतं, नसेल त्या मानाने नाही. गहाण ठेवून आणलेले पैसे म्हणजे ‘नसेल ते’.

२ राजे ४ मध्ये कर्जात बुडालेली एक विधवा आहे. सावकार तिची मुलं न्यायला आलाय. अलीशा संदेष्टा तिच्याकडून काही मागत नाही. विचारतो, घरात काय आहे? तेल वाढतं, आणि मग तो क्रम सांगतो: तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. आधी कर्ज. तुम्हीही तसंच करा. सगळी देणी एका कागदावर लिहा: कुणाचं, किती, महिन्याला व्याज किती. ज्याचं व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडायचं, बाकीच्यांचा किमान हप्ता चालू ठेवायचा. गहाण सोन्याचं व्याज तरी दर महिन्याला भरा. साचलं की मुद्दलात मिसळून वाढत जातं. जमेल तसं मुद्दलातही थोडं भरा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. लिलावाची नोटीस आली तर ती उघडून वाचा आणि त्याच दिवशी शाखेत जा. भीतीने पाकीट न उघडल्यामुळे दागिने गेलेली घरं कमी नाहीत. हे फेडायला नवं ॲपवरचं कर्ज घेऊ नका.

ज्यांना पैसे दिले त्यांच्याकडे लेखी पावती मागा. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर त्यांना हिशोब ठेवून तपासणी करून घ्यावी लागते आणि तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. कर्ज फिटेपर्यंत दशांशाचं, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याचं, काय, असंही अनेक जण विचारतात. याबाबत पाळकांची मतं वेगवेगळी आहेत. आमचं मत असं की दुसऱ्याचं देणं थकवून देवाला दिलेलं त्याला नको आहे. आईबापांचा हक्क ‘कुर्बान’ म्हणून अर्पण करणाऱ्यांना येशू मार्क ७ मध्ये काय म्हणतो ते वाचा. तोवर वेळ द्या, मूठभर द्या.

मंडळीचे एक कमिटी सभासद, कोपरखैरणे : मंडळीत मदतफंड सुरू करायचा आहे. मागे एकदा केला होता तेव्हा कुरबुरी झाल्या, काही कुटुंबं यायचीच बंद झाली. काय चुकतं?

उत्तर : बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी चुकतात: फोटो, सरसकट पिशवी आणि एकाच घरातले वाटप करणारे.

फोटो आधी बंद करा. अलीशाने वरच्या उत्तरातल्या त्या कर्जबाजारी विधवेला सांगितलं होतं, दार लावून घे आणि मग तेल ओत. देवाचा चमत्कारही बंद दाराआड झाला, मग आपली पाच किलोची पिशवी व्हॉट्सअॅपवर कशाला? नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. क्रमांकांची यादी पाळक आणि एका व्यक्तीकडेच असावी. सामान उपासनेनंतर अंगणात देऊ नका, आठवड्यातल्या संध्याकाळी घरी पोचवा, साध्या पिशवीत.

वाटप करणारे तीन असावेत, वेगवेगळ्या घरांतले, त्यात एक तरी बाई. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. मंडळीने सात जण निवडले, आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती कारभार गेला. तुमच्याकडे ज्या कुटुंबांनी येणं सोडलं त्यांच्यातलं कुणी कमिटीवर येईल का, हे आधी जाऊन विचारा. पैसे काढायला दोन सह्या आणि तिमाहीला फक्त बेरजा मंडळीपुढे वाचायच्या.

चौघांच्या घराला महिन्याला ढोबळ मानाने तांदूळ १० किलो, पीठ १० किलो, डाळी ३ किलो, तेल ३ लिटर, साखर २ किलो, चहा अर्धा किलो, मीठ, साबण एवढं लागतं. पण आधी रेशनकार्ड विचारा. प्राधान्य यादीतल्या घराला माणशी ५ किलो धान्य रेशनवर मिळतं. तिथे पुन्हा तांदूळ देऊन उपयोग नाही, तेल-डाळ-सिलिंडर द्या. कार्डावरून नाव गळलं असेल तर ते परत चढवायला सोबत जाणं ही वर्षभर पुरणारी मदत आहे. मधुमेही असेल तर साखरेऐवजी ज्वारी द्या. पुष्कळदा अडलेलं असतं ते वीजबिल किंवा शाळेची फी. ती थेट भरा. मदत तीन महिन्यांची ठरवा आणि तिसऱ्या महिन्यात घरी बसून पुढचं विचारा, नाहीतर ती कुणाला न सांगता अचानक बंद होते आणि तेच मनाला लागतं.

मदत घेणाऱ्यालाही देता यावं याची सोय ठेवा. मिझोरमच्या मंडळ्यांमध्ये १९१० पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात, बुहफाई थाम म्हणतात त्याला. मदत घेणाऱ्या घरालाही एक मूठ काढता येते, आणि रविवारी तेही डबा घेऊन येतात. डबा ओट्यावरच ठेवायला सांगा, कपाटात गेला की विसरला जातो. आणि पावसाळ्यात आठवड्याच्या आठवड्याला रिकामा करून वाटा. साठवून ठेवलात तर महिन्याभरात पोरकिडे लागतील.